मोजून दिलेलं काम

हुपरीला घरून काम करायला टाळेबंदीनं शिकवलं नाही. हातकणंगले तालुक्यातल्या आमच्या या गावात चांदीचं पैंजण एका छताखाली क्वचितच पुरं होतं. एका ठिकाणी चांदी आटते, दुसरीकडं तार ओढली जाते, कुणी कड्या करतं, कुणी त्या जोडतं, कुणी डाक लावून सांधतं, कुणी घुंगरू बसवतं आणि पॉलिशला माल आणखी वेगळ्याच घरी जातो. तयार माल देशभरच्या सराफ बाजारांत पोचतो. जिनं कड्या जोडल्या तिला ते पैंजण कुणाच्या पायात गेलं हे कधी कळत नाही, आणि ज्यानं दुकानात ते विकलं त्याला तिचं घर माहीत नसतं. तरी पिढ्यान्‌पिढ्या हा धंदा चालला, कारण चांदी वजन करून घरात येते आणि वजन करूनच घराबाहेर जाते. दिली किती, टंच म्हणजे शुद्धता काय, परत आली किती, घट किती धरायची, मजुरी काय, हे सगळं काम हातात पडण्याआधी ठरलेलं असतं.

मी या गावात वाढले. पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीत होते आणि मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागायच्या तोंडावर गावी आले, ती इथंच राहिले. कंपनी पुण्याची, काम सराफी दुकानांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं, आणि बसायची जागा हुपरीतल्या आमच्या घरातली माडी. तेव्हापासून माझ्याकडं आणखी एक जबाबदारी आहे. महाविद्यालयातली मुलंमुली आपापल्या गावी राहून आमच्याकडं इंटर्नशिप करतात, त्यांचं काम आखायचं आणि ते पार पाडून घ्यायचं. इतक्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालं आहे. लांबून केलेली इंटर्नशिप फळाला येते की वाया जाते, हे मुलाच्या हुशारीपेक्षा काम कसं मोजून दिलं यावर जास्त ठरतं.

२०२० चा उन्हाळा आठवा. २५ मार्चला देश बंद झाला आणि अभियांत्रिकीच्या, वाणिज्य शाखेच्या मुलांच्या ठरलेल्या इंटर्नशिपा एकामागून एक रद्द झाल्या. त्याच वर्षी ४ जूनला केंद्रानं शहरी स्थानिक संस्थांमध्ये इंटर्नशिप देणारी ‘ट्युलिप’ योजना जाहीर केली. तिकडं कंपन्यांनी उरलेल्या इंटर्नशिपा ‘ऑनलाइन’ करून टाकल्या. बऱ्याच ठिकाणी ऑनलाइन करणं म्हणजे एक लिंक, स्वागताचा एक मेल, आणि नंतर शांतता. रेंदाळच्या एका मुलाला कुठल्याशा कंपनीनं दोन महिन्यांसाठी घेतलं होतं. त्याला एका ग्रुपमध्ये टाकलं, चारशे पानांचे दस्तऐवज दिले आणि ‘वाचून ठेव, काम आलं की सांगू’ असं कळवलं. काम आलं नाही. ग्रुपमध्ये रोज सकाळी शुभेच्छा येत होत्या. मुदत संपल्यावर मात्र देखणं प्रमाणपत्र आलं, त्यावर त्यानं कधी हातही न लावलेल्या तीन तंत्रज्ञानांची नावं होती. पुढं मुलाखतीत त्याला त्यातल्याच एकाबद्दल विचारलं. त्याची त्या दिवशीची अवस्था त्यानं मला सांगितली, ती इथं लिहीत नाही. पण त्याचा त्यात काही दोष नव्हता. कारागिराला चांदी न देताच पैंजण मागावं, तसा तो प्रकार होता.

लांबून इंटर्नशिप नीट करता येते, याचे दाखले टाळेबंदीच्या कितीतरी आधीचे आहेत. ‘गूगल समर ऑफ कोड’ २००५ पासून चालू आहे. जगभरातले नवखे घरी बसून मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पांवर काम करतात, आणि आपल्या महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांतली मुलंही त्यात असतात. तिथं प्रकल्प किती तासांचा हे आधी छापलेलं असतं, मार्गदर्शक नावानिशी ठरलेला असतो, आणि प्रत्यक्ष कोड लिहायला लागण्याआधी काही आठवडे फक्त त्या प्रकल्पातल्या मंडळींची ओळख करून घेण्यासाठी राखलेले असतात. ‘आउटरीची’ हा दुसरा उपक्रम. तो २०१० मध्ये मुक्त सॉफ्टवेअरमध्ये बायकांची संख्या वाढावी म्हणून सुरू झाला. तीन महिने, आठवड्याला तीस तास, ७,००० डॉलर मोबदला. मला त्यातली सगळ्यात मोलाची अट वाटते ती मार्गदर्शकावरची: प्रत्येक इंटर्नसाठी आठवड्याला निदान पाच तास द्यायचे. इंटर्ननं किती तास काम करायचं हे सगळेच लिहितात. शिकवणाऱ्यानं किती तास द्यायचे हे लिहिणारे फार थोडे.

आम्ही आमच्याकडं एक रीत घातली. मुलगा किंवा मुलगी निवडण्याआधी मार्गदर्शकानं पहिलं काम लिहून ठेवायचं. ज्याला असं काम लिहिता येत नाही त्याला त्या वर्षी इंटर्न मिळत नाही. ही अट ऐकून पहिल्यांदा पुण्यातले सहकारी कुरकुरले होते. ‘आधी माणूस तर येऊ दे, काम काय, निघेल की,’ असं त्यांचं म्हणणं. मी अडून बसले. निघेल म्हटलेलं काम निघत नाही, असं मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

असं एक पहिलं काम नमुन्यादाखल देते. चिठ्ठी अशी होती: ‘आपल्या बिलाच्या पानावर ढोबळ वजन, मणी-खड्यांचं वजन आणि निव्वळ वजन असे तीन रकाने आहेत. सोबत वीस जुनी बिलं आहेत. ती एकेक करून पुन्हा भरा. निव्वळ वजन ग्रॅमच्या तीन दशांशांपर्यंत जुळलं पाहिजे. जे बिल जुळत नाही ते लाल करा आणि कुठल्या रकान्यात फरक पडला ते एका ओळीत लिहा. हे काम चार तासांचं आहे. सहा तास होऊन गेले तर थांबा आणि मला फोन करा, रात्र असली तरी.’

एवढंच. पण या चिठ्ठीत चार गोष्टी आहेत. काम खरं आहे, सरावासाठी बनवलेलं नाही. ते कुठं संपतं हे करणाऱ्याला स्वतःला कळतं, कुणाला विचारावं लागत नाही. किती वेळ लागावा याचा अंदाज आहे. आणि अडलं तर कधी थांबायचं हे सांगितलेलं आहे. या चौथ्या गोष्टीसाठी मी प्रत्येकाशी भांडते. ऑफिसात मूल अडलं तर त्याचा चेहरा दिसतो, शेजारचा विचारतो, ‘काय रे, काय झालं?’ घरी बसलेलं मूल अडलं तर ते गप्प बसतं. एक दिवस जातो, दोन दिवस जातात, मग ‘आता विचारलं तर म्हणतील इतके दिवस काय करत होतीस’ या भीतीनं तिसरा जातो. मी जेवढ्या फसलेल्या इंटर्नशिपा पाहिल्या त्यातल्या बहुतेक अशाच गप्प बसण्यात बुडाल्या.

ती वीस बिलांची चिठ्ठी ज्या मुलीला मिळाली ती हुपरीचीच होती, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाची. तिची आई घरी कड्या जोडते. आमची घरं एकाच गावात, पण आमचं काम सगळं पडद्यावरच चालायचं, कारण तिचे बाकीचे सहकारी पुण्यात होते आणि तिला वेगळी वागणूक नको असं माझं ठरलेलं होतं. तिनं बिलं वेळेत भरली, सगळी जुळली. खाली एक प्रश्न लिहिला होता: ‘कारागिराकडून माल परत आल्यावर घट कुठं लिहायची?’

पुण्यातल्या कुणालाच हा प्रश्न कळला नाही. आमचं सॉफ्टवेअर तयार माल विकत घेणाऱ्या दुकानांसाठी बनलेलं. गिऱ्हाईकाच्या बिलात टक्केवारीनं घट लावायची सोय त्यात होती. पण दुकानदार स्वतः चांदी कारागिराला देतो, ती दागिना होऊन परत येते, मधे आटणीत, घासण्यात, पॉलिशमध्ये काही ग्रॅम जातात, ती घट ठरलेल्या मापात बसली तर ठीक, नाहीतर कारागिराच्या नावावर येणे पडते, हा सगळा व्यवहार त्यात नव्हताच. त्या मुलीनं दुसऱ्या दिवशी वहीच्या पानाचा फोटो पाठवला. आईला काम देणारे मालक जसा हिशेब ठेवतात तसे रकाने तिनं पट्टीनं आखले होते: तारीख, दिली, टंच, आली, घट, येणे, मजुरी. बाजूला पेन्सिलीनं लिहिलं होतं की दागिन्यावर जीएसटी ३ टक्के आणि मजुरीच्या जॉबवर्कवर ५ टक्के, म्हणून मजुरी वेगळ्या रकान्यात ठेवली आहे. आमच्या कारागीर खात्याची पुढची रचना त्याच पानावरून झाली.

हे मी कौतुकानं सांगते, पण कौतुकापुरतं सांगत नाही. ती जर तीन महिने पुण्याला जाऊन कॉट बेसिसवर राहिली असती, तर बहुधा तिनं पुण्यातल्यांसारखाच विचार करायला शिकून घेतलं असतं. आपल्या गावात, आईच्या तराजूशेजारी बसून ती काम करत होती म्हणून तो प्रश्न तिला पडला. लांबच्या इंटर्नला आपण सारखं काहीतरी द्यायच्या भूमिकेत असतो. त्याच्या गावात काय आहे, त्याच्या घरात कुठलं काम चालतं, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. मी आता पहिल्याच आठवड्यात विचारते. इचलकरंजीच्या मुलाला मागाचा हिशेब माहीत असतो, शिरोळकडच्याला ऊसतोडीच्या टोळीची उचल कशी फिटते ते. ही माहिती पुण्याच्या ऑफिसात विकत मिळत नाही.

आता घरातली गोष्ट. हिच्याविषयी कंपन्या बोलत नाहीत, महाविद्यालयं तर नाहीतच, पण मुलींच्या इंटर्नशिपा इथंच अडतात.

हुपरीत बाईनं घरात बसून केलेलं काम हे काम मानलं जातं. कारण त्याचं वजन होतं आणि आठवड्याला मजुरी हातात पडते. तिच्या हातात चिमटा असला तर सासूही म्हणते, ‘ऱ्हाऊ दे, मी बघते चुलीकडं.’ पण पोरगी लॅपटॉपसमोर बसली की ती रिकामीच बसली आहे असं घराला वाटतं. पाहुणे आले, चहा टाक. पॉलिशवाला आला, माल दे. धाकट्याला शाळेतनं आण. मीटिंग चालू असताना मागून येणाऱ्या हाका मी कितीदा ऐकल्या आहेत. त्या मुलीच्या आईनं एकदा मला रस्त्यात गाठून सरळच विचारलं, ‘दिवसभर कानात घालून बसती ही. मजुरी किती मिळती ह्याची?’

मी म्हटलं, ‘काकू, मिळते. सात तारखेला खात्यावर येईल.’

सात तारखेला पैसे आले. रक्कम मोठी नव्हती. पण नंतरच्या आठवड्यात एका मीटिंगमध्ये मागून त्याच काकूंचा आवाज आला, कुणालातरी बजावत होत्या: ‘तिला हाक मारू नगंस, कामावर हाय ती.’ माझ्या या क्षेत्रातल्या वर्षांमधलं हे वाक्य मला फार जवळचं आहे. बिनपगारी इंटर्नशिपच्या बाजूनं लोक मला सांगतात की अनुभव मिळतो ना, तो काय कमी आहे? शहरात खोली घेऊन राहणाऱ्या मुलाला कदाचित चालत असेल. घरातून काम करणाऱ्या मुलीला पैसे दिले नाहीत, तर तिला दार लावून बसायचा हक्कच मिळत नाही. म्हणून मानधन थोडं असलं तरी चालेल, पण ते ठरलेल्या तारखेला आलं पाहिजे, आणि शेवटी एकरकमी नाही, दर महिन्याला.

शिकवण्याच्या पद्धतीबद्दल मात्र मला बराच काळ चाचपडावं लागलं. चांदीच्या कारखान्यात नवा पोरगा उस्तादाशेजारी बसतो. पहिले काही महिने तो फक्त बघतो. ज्योत कुठं धरली, डाक पातळ होऊन पसरताना तिचा रंग कसा पालटला, हात कधी मागं घेतला. उस्ताद तोंडानं फारसं काही सांगत नाही. पडद्यावरच्या इंटर्नला हे बघणं मिळत नाही, त्याला फक्त आपलं तयार काम दिसतं आणि स्वतःच्या चुका दिसतात. त्यामुळं बाकी सगळे बिनचूक आहेत आणि आपणच ढ आहोत असं त्याला वाटायला लागतं.

यावर आम्ही रोज दुपारी चार ते पाच हा तास ठरवला. त्या तासात मार्गदर्शक आपला पडदा उघडा ठेवून आपलं नेहमीचं काम करतो. भाषण नाही, धडा नाही. अडला तर अडलेला दिसतो, चुकीची फाइल उघडली तर ती दिसते, इंटरनेटवर काय शोधलं ते दिसतं. मुलं बघत बसतात, वाटलं तर विचारतात. पुण्यातला एक ज्येष्ठ सहकारी आधी फार अवघडला होता, पोरांसमोर आपली शोभा होईल म्हणून. महिन्याभरानं त्याच्याच तासाला सगळ्यात जास्त गर्दी होऊ लागली.

प्रश्नांच्या भाषेचंही असंच. मराठी माध्यमातून आलेली मुलगी इंग्रजीत वाक्य जुळवता जुळवता प्रश्नच गिळून टाकते. आमच्याकडं प्रश्न कुठल्याही भाषेत, कुठल्याही लिपीत, हवं तर बोलून पाठवायचा. उत्तर देताना मार्गदर्शकानं इंग्रजी संज्ञा वापरावी, म्हणजे ती कानावर पडत जाते. रोज संध्याकाळी मात्र प्रत्येकानं तीन ओळी लिहायच्याच: आज काय झालं, काय अडलं, उद्या काय करणार. ज्यांची इंटर्नशिप चांगली झाली त्यांच्यात मला हुशारीचं एकच माप दिसलं नाही, पण या तीन ओळी त्यांनी कधी चुकवल्या नाहीत. दुसऱ्या ओळीत ‘काही नाही’ असं सलग चार दिवस आलं की मी फोन उचलते. नवख्याला चार दिवस काहीच अडत नाही, असं होत नाही.

जुलै २०२१ च्या महापुरात या ओळींचा वेगळाच उपयोग झाला. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला, नदीकाठच्या गावांत वीज गेली, मोबाइलचे मनोरे बंद पडले. शिरोळ तालुक्यातल्या एका इंटर्नची ओळ आली नाही. त्याच्या मार्गदर्शकाला त्या संध्याकाळीच कळलं की काहीतरी बिघडलं आहे. गावातल्या लोकांबरोबर तो मुलगा शाळेत मुक्कामाला गेला होता, सुखरूप होता. त्याचं काम आम्ही थांबवलं, मुदत वाढवली, मानधन चालू ठेवलं. वीज, पाऊस, रेंज यांचा हिशेब धरून मुदत आखली नाही, तर ती मुदत फक्त शहरातल्या मुलांसाठी आहे असं म्हणावं लागेल. मे महिन्यात वळवाच्या पावसानं संध्याकाळची वीज जाते हे इथं कुणालाही माहीत आहे, मग महत्त्वाची मीटिंग संध्याकाळी कशाला ठेवायची?

लांबून सगळंच शिकता येतं असं मी मानत नाही. डाक लावायला व्हिडिओवरून शिकलेला कारागीर मला अजून भेटायचा आहे. यंत्र अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यानं लेथवर उभं राहिलंच पाहिजे, आणि त्यासाठी कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत आमच्या गावापासून हाकेच्या अंतरावर आहे. तिथं जायचं सोडून घरबसल्या ‘व्हर्च्युअल’ इंटर्नशिप करणं म्हणजे चार महिने घालवणं. हिशेब, भाषांतर, संगणकाचं काम, आराखडे, माहितीची छाननी, लेखन अशा कामांपुरतंच माझं म्हणणं आहे.

आणि आता तर नीट आखलेल्या इंटर्नशिपची निकड वाढली आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आपल्या विद्यापीठांत ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ आलं आहे, चार क्रेडिटांसाठी १२० तास. कोल्हापूर जिल्ह्यातल्या प्रत्येक महाविद्यालयाला शेकडो मुलांसाठी जागा शोधायच्या आहेत. जागा कमी, मुलं जास्त, आणि या फटीत प्रमाणपत्र विकणारे शिरले आहेत. नोंदणी शुल्क भरा, चार व्हिडिओ बघा, पत्र घ्या. मुलं भरतातही, कारण क्रेडिट हवं असतं आणि कुणी दुसरं काही देत नाही. इंटर्नशिप देणारा जर तुमच्याकडूनच पैसे मागत असेल, तर विद्यार्थ्यांनो, तो तुम्हाला गिऱ्हाईक समजतो आहे. तिथं थांबू नका.

महाविद्यालयांतल्या समन्वयक प्राध्यापकांना माझी विनंती आहे. मूल जेव्हा ऑनलाइन इंटर्नशिपचं पत्र घेऊन तुमच्या टेबलापाशी येईल, तेव्हा कंपनीचं नाव केवढं मोठं आहे ते पाहू नका. पत्रात मार्गदर्शकाचं नाव आणि फोन आहे का, तो आठवड्याला किती तास देणार हे लिहिलं आहे का, पहिलं काम कुठलं ते सांगितलं आहे का, आणि मानधन कुठल्या तारखेला मिळणार, एवढं बघा. यातलं काहीच नसेल तर सही करू नका, पत्र परत पाठवा आणि त्या कंपनीला कारण लेखी कळवा. आणि आमच्यासारख्या लहान कंपन्यांना, गावातल्या सनदी लेखापालांना, सहकारी संस्थांना, चांदीच्या कारखानदारांनाही सांगते: दहा मुलं घेऊ नका, दोन घ्या. पण त्या दोघांसाठी आठवड्याचे पाच तास आधी बाजूला काढून ठेवा.